फाटकाबाहेरची रांग

एचएसआर लेआउट हे नाव होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून आलं. बंगळूरच्या आग्नेय कडेची ही वसाहत आता नव्या कंपन्यांसाठी ओळखली जाते. पण रात्री अकरानंतर, खालच्या हॉटेलांची शटरं पडू लागली की गच्चीवर जाऊन ऐकावं. बाहेरच्या वर्तुळरस्त्यावर अवजड गाड्यांची घरघर सुरू होते आणि पहाटेपर्यंत थांबत नाही. दिवसा शहरात शिरायची मनाई असलेले ट्रक तेव्हा आत येतात. सकाळी दहा मिनिटांत दारात पोचणारा तांदूळ आणि साबण आदल्या रात्री या घरघरीतूनच आलेला असतो.

पुढचा संवाद मी रचला आहे. यातले मामा सोलापूरकडच्या मालधक्क्यांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. भाची याच वसाहतीत राहून रेल्वे आणि रस्ता यांच्यामध्ये माल बदलणाऱ्या टर्मिनलांचे आराखडे संगणकावर करणारी. माणसं कल्पनेतली आहेत, पण वाद खरा आहे. तो मिटला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

मामा: हा रूळ. ही शेजारची रेघ इंजिन सोडून पलीकडच्या टोकाला न्यायला. हे कंटेनर रचायचं अंगण. इथपर्यंत समजलं. पण इथे काठाला रेघ एकदम तुटलीय ती?

भाची: तिथे फाटक. त्यापुढे पोचरस्ता. तो आमच्या कामात नाही, मामा.

मामा: बरं. मग तुमच्या कामात काय काय आहे ते आधी सांग.

भाची: पहिली लांबी. पंचेचाळीस वाघिणींचा कंटेनर रेक, एका वाघिणीवर वीसफुटी दोन, म्हणजे नव्वद कंटेनर. तो मुख्य मार्ग मोकळा सोडून पूर्ण आत उभा राहायला ६८६ मीटर लागतात, नव्या कामांत ७५० धरतात. दोन्ही टोकांचे सांधे आणि इंजिनाची जागा मिळवली की एक किलोमीटरच्या आसपास सरळ, सपाट पट्टा हवा. शहराच्या कडेला असा पट्टा सापडणं हेच निम्मं काम. जमिनीची उंची-सखलता भरली की संगणक एका दिवसात पुष्कळ जागा तपासतो, कुठे किती माती काढायची आणि कुठे भरायची ते सांगतो.

मामा: आणि उतार?

भाची: यार्डात चारशेला एकपेक्षा जास्त चालत नाही, बाराशेला एक असावा. ६८६ मीटरवर चारशेला एक म्हणजे दोन टोकांत १.७ मीटरचा फरक. बाराशेला एक म्हणजे साठ सेंटिमीटरसुद्धा नाही.

मामा: त्या फरकाची किंमत मला विचार. आताच्या वाघिणींना रोलर बेअरिंग. डोळ्याला जमीन सपाट दिसते आणि वाघीण हलायला लागते. आवाज होत नाही. एका धक्क्यावर रिकामी वाघीण अशीच पन्नास पावलं गेली. हमालांची जेवणं चालली होती, सगळे झाडाखाली होते, रुळावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी चाकाखालची पाचर स्वतः वाकून बघायचो.

भाची: म्हणून तर मला हे साधन हवं. तिथे माती दहा सेंटिमीटर जास्त भरली गेली असती तर इथे पडद्यावर ती रेघ लाल झाली असती. काँक्रीट पडायच्या आधी चूक सापडते, आणि ती दुरुस्त करायला फक्त वेळ लागतो. जीव लागत नाही.

मामा: हे मान्य. आमच्या काळात ईएसपी ट्रेसिंग कापडावर निघायचा. सांधा एक मीटर सरकवायचा तर पूर्ण कापड पुन्हा. म्हणून चूक दिसली तरी माणूस गप्प बसायचा.

(ईएसपी म्हणजे स्टेशनाचा किंवा यार्डाचा मापात काढलेला नकाशा. त्यावर स्थापत्य, सिग्नल, वीज, परिचालन या विभागांच्या सह्या झाल्याशिवाय एक सांधाही बसत नाही. आजही तसंच आहे. रुळाच्या बाजूची ही शिस्त थोर आहे, आणि पुढच्या वादाला तिचाच आधार आहे.)

भाची: १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँडने स्केचपॅड केलं, पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायच्या सुरुवातीच्या साधनांपैकी एक. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि कापड गेलं. पण मामा, मी करते ते नुसतं रेघा काढणं नाही. आराखडा चालवून बघते. रेक आत येतो, यंत्रं उचलतात, ट्रेलर येतात, जातात. सहा महिन्यांची रहदारी पंधरा मिनिटांत.

मामा: चालव बरं.

भाची: नव्वद उतरवायचे, नव्वद चढवायचे, एकशे ऐंशी उचली. एका उचलीला तीन मिनिटं धरली तर एका रीच स्टॅकरला, म्हणजे कंटेनर उचलणाऱ्या यंत्राला, नऊ तास, दोन असतील तर साडेचार. तिसरा आणला तर तीन तासांत व्हायला हवं, पण होत नाही. तिघं एकमेकांच्या वाटेत येतात, वळायला जागा उरत नाही. हे कागदावर भागाकार करून कळलं नसतं.

मामा: तो रीच स्टॅकर स्वतः किती टनांचा?

भाची: सत्तरच्या घरात. भरलेला कंटेनर उचलला की पुढच्या एका आसावर शंभर टनांच्या आसपास.

मामा: आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर शंभर टनांचा आस फिरवायचा तर खाली काय घातलंय ते आधी बघावं लागतं. इथली लाल माती वेगळी वागते. एकाच नकाशाच्या दोन प्रती काढून एक बंगळूरला आणि एक सोलापूरला चिकटवलीस तर सोलापूरचं अंगण दुसऱ्या पावसाळ्यात लाटा धरेल.

भाची: मातीचे थर आम्ही भरतो.

मामा: कोण सांगतं ते थर? बोअर किती घेतले? मला तुझ्या यंत्राचा संशय नाही गं. त्याला सांगणाऱ्याचा आहे.

भाची: ठीक, ते घेते. पण मुख्य गोष्ट आता बघा. रेल्वे ढिगाने माल आणते, रस्ता थेंबाने नेतो. नव्वद कंटेनर एका क्षणी दारात येतात आणि ट्रेलर एकेक, दोन-दोन करून दिवसभर नेतात. मधलं अंगण हे त्या दोन वेगांमधलं धरण आहे. किती मोठं बांधायचं, हा प्रश्न.

मामा: हे खरं बोललीस. माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाल होते. १८९७ पासून तिथून बार्शीला छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांची. मुंबईकडची रुंद गाडी आणि बार्शीची अरुंद. एकीतला माल दुसरीत जायचा तो माणसाच्या पाठीवरून. मोठी गाडी आली की एकदम काम, नाहीतर झाडाखाली बसणं. ढीग आणि थेंब त्यांच्या पाठीला ठाऊक होते.

भाची: त्या बार्शी लाइट रेल्वेचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप मला आवडतो. त्याने आधी एक आकडा ठरवला: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. मग इंजिन, वाघिणी, रूळ, पूल सगळं त्या आकड्यावर बेतलं. हलका रूळ पुरला, खर्च उतरला. संगणक नव्हता, पण रचना कशी करावी याचा तो धडाच आहे. एक अडसर ओळखायचा आणि बाकीचं त्याच्याभोवती मांडायचं.

मामा: त्याने गाडी हलकी केली. कुर्डुवाडीच्या धक्क्यावरचं पोतं हलकं झालं नाही.

इथे भाची गप्प राहिली. मीही तिच्या जागी गप्पच राहिलो असतो. माल बदलण्याच्या जागेचा भार आपल्या देशात फार काळ माणसाने पाठीवर वाहिला. महाराष्ट्रात त्या माणसाला कायद्याचं संरक्षण मिळायला १९६९ साल उजाडलं. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून माथाडी कायदा आला, मंडळं झाली, मजुरीला हिशोब आला.

भाची: तुम्हाला ती पोती परत हवीत का?

मामा: मुळीच नकोत. कंटेनर आला, क्रेन आली, बरं झालं. माझं म्हणणं एवढंच, की आजोबांच्या वेळी जो पाठीने भरत होता त्याच्या जागी आता कोण भरतोय ते बघ. भार नाहीसा होत नाही, हात बदलतो. आज तो ट्रकवाल्याकडे आहे. तो वजन उचलत नाही, वेळ उचलतो. तुझ्या फाटकावर काय होतं, दाखव.

भाची: हे बघा. फाटक शंभरातली ऐंशी मिनिटं कामात असेल आणि ट्रक वेळीअवेळी येत असतील, तर रांगेत सरासरी तीन ट्रक. पंच्याण्णव मिनिटं कामात असेल तर अठरा. काम वाढलं पंधरा मिनिटांनी, रांग साडेपाचपट. वरून बघणाऱ्याला वाटतं, फाटक पूर्ण वापरात आहे, उत्तम. मी त्यांना हे चित्र दाखवते तेव्हा पटतं.

मामा: मग दोन फाटकं कर.

भाची: केली. रांग वजनकाट्यावर गेली. दोन काटे केले, कागद तपासायच्या खिडकीवर गेली. एका ठिकाणी रुंद केलं की रांग संपत नाही, पुढच्या अरुंद जागी जाऊन उभी राहते. म्हणून पूर्ण साखळी चालवून बघावी लागते. हे तुमच्या अनुभवाने सांगता आलं नसतं, मामा. माफ करा, पण नसतं आलं.

मामा: माफी कशाची? आलं नसतं. आम्ही जिथे ओरड जास्त तिथे माणूस वाढवायचो. आता माझं ऐक. रेक किती तासांनी येतो म्हणून धरलंयस?

भाची: बारा तासांनी एक. महिन्यात साठ येतात, त्याची सरासरी.

मामा: सरासरीने रेक येत नाही. पुढे कुठे ब्लॉक असतो, बंदरावर जहाज उशिरा लागतं, मग दीड दिवस एकही नाही आणि अर्ध्या रात्रीत दोन. पहिला उतरायचा असतो तोवर दुसरा होम सिग्नलला उभा. त्या रात्री तुझं धरण फुटतं. बाकीच्या रात्री ते रिकामंच दिसेल आणि साहेब म्हणतील, एवढी जागा कशाला?

भाची: हे बदलता येईल. समान अंतराऐवजी प्रत्यक्षातल्या वेळा भरायच्या.

मामा: भर. आणि ट्रकच्या वेळा कुठून घेतल्यास?

भाची: फाटकाच्या नोंदवहीतून. आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. ट्रक सरासरी दोन-अडीच तास आत असतो.

मामा: आत शिरल्याची.

भाची: हो.

मामा: आणि तो रांगेत कधी लागला?

या प्रश्नासाठीच मी हा संवाद लिहायला घेतला. कुठल्याही नोंदवहीत ट्रकचा जन्म फाटकावर होतो. त्याआधी तो रस्त्याच्या कडेला चार तास उभा होता की रात्रभर, ते त्या वहीत नाही. म्हणून ते संगणकात नाही, आणि म्हणून आराखड्यातही नाही. भाचीची रेघ फाटकाशी तुटत होती त्याचं हेच कारण. यात तिची हयगय नव्हती. तिला दिलेली माहितीच तिथून सुरू होत होती.

भाची: म्हणजे मी जी रांग मोजते ती आतली. बाहेरची मला दिसतच नाही.

मामा: आतल्याला तू सावली देशील, संडास देशील. बाहेरचा ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो. झोप कसली, पुढची गाडी हलली की हॉर्न. अंघोळ नाही, पाण्याचा नळ नाही. आणि त्या झोपेवर तो सकाळी पुढचे तीनशे किलोमीटर मारणार. मालकाच्या हिशोबात ट्रकची एक फेरी बुडाली, ती तो भाड्यात घालणार. मग तुम्ही म्हणता, रेल्वेने माल पाठवणं स्वस्त असून लोक रस्त्यानेच का पाठवतात.

भाची: राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा सत्तावीस टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंचेचाळीस टक्क्यांवर न्यायचं ठरलंय.

मामा: रूळ टाकून तो वाढणार नाही. शेवटच्या दोन किलोमीटरवर वाढेल, नाहीतर अडेल.

भाची: त्यासाठी जागा आधीपासून हवी ना! आपल्या बंगळूरचंच घ्या. देशातलं पहिलं अंतर्गत कंटेनर आगार इथे झालं, १९८१ मध्ये. समुद्राचा कंटेनर रेल्वेने पहिल्यांदा देशाच्या आत आला तो याच शहरात. १९८८ मध्ये कॉनकॉर कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी तिने रेल्वेकडून अशी सात आगारं घेतली. आज इथलं आगार व्हाइटफिल्डला आहे. व्हाइटफिल्ड एकेकाळी गावाबाहेर होतं. आता चारी बाजूंनी कार्यालयं आणि इमारती. ट्रेलरने दिवसा यायचं कुठून?

मामा: तेव्हा संगणक असता तरी हे सांगितलं असतं का त्याने?

भाची: नसतं. शहर कुठे वाढेल ते माझा आराखडा सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की रस्ता अमुक तास बंद झाला तर अंगण किती वेळात भरतं. ते आकडे हातात असते तर बाहेरच्या रस्त्याची रुंदी तेव्हाच राखून ठेवता आली असती.

मामा: मग मला साधा उपाय आवडतो. तुमच्या नेलमंगलहून आमच्या बाळ्याला रेल्वेने आख्खे ट्रकच आणले. ३० ऑगस्ट २०२०, करोनाचे दिवस. सहाशे ब्याऐंशी किलोमीटर, बेचाळीस ट्रक, एका वाघिणीवर तीस टन, एकूण १२६० टन. बाळे म्हणजे खंडोबाचं गाव, सोलापूरच्या वेशीवर. तिथे क्रेन नको, रीच स्टॅकर नको. एक उतरण, ट्रक आपल्या चाकांवर चढतो, आपल्या चाकांवर उतरतो. कोकण रेल्वेने तर हे २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू केलं. घाटातला ड्रायव्हर रात्रभर आपल्या केबिनमध्ये निवांत. ढीग नाही, धरण नाही.

भाची: मलाही ते आवडतं. पण त्या तीस टनांत ट्रकचं स्वतःचं वजन आलं. इंजिन, चाकं, केबिन हे सगळं सहाशे किलोमीटर फुकट वाहायचं. आणि ट्रक वाघिणीच्या पाटावर चढला की उंची वाढते. पूल आणि विजेची तार यांच्या खालून तो जायला हवा. म्हणून कुठलाही ट्रक चालत नाही. शिवाय सगळे एका टोकाने एकामागोमाग चढणार. मधल्या एकाची बॅटरी उतरली की मागचे सगळे अडकले. रांग तिथेही आहे, मामा. फक्त ती वाघिणींवर उभी आहे.

मामा: पण ती मोजलेली आहे. बेचाळीस. पहिला कोण, शेवटचा कोण, सगळ्यांना माहीत. ड्रायव्हरला विचार, त्याला त्रास थांबण्याचा कमी होतो. कधी सुटणार ते माहीत नसण्याचा जास्त होतो.

भाची: हे मला लिहून ठेवू दे.

मी भाचीच्या बाजूचा आहे का मामांच्या? विचारलं तर सांगेन: पद्धत भाचीची हवी आणि प्रश्न मामांचा. नुसत्या अनुभवावर टर्मिनल बांधलं की ओरड होईल तिथे भिंत पाडायची आणि दुसरीकडे ओरड ऐकायची, असं तीस वर्षं चालतं. नुसत्या संगणकावर बांधलं की न मोजलेली माणसं फाटकाबाहेर राहतात. यातली दुसरी चूक आज जास्त धोक्याची आहे, कारण ती पडद्यावर हिरव्या रंगात दिसते.

भाची: आता डाबसपेठजवळ मुद्देलिंगनहळ्ळीला बहुपर्यायी लॉजिस्टिक पार्क होतंय, चारशे एकरांवर. जून २०२२ मध्ये पायाभरणी झाली. इथून बघितलं तर शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, तुमकूर रस्त्यावर. होसूरच्या कारखान्यातला माल तिथे जायचा तर शहराला वळसा घालून.

मामा: चारशे एकर म्हणजे जागा आहे. मग बाहेर थांबवायचंच कशाला? फाटक आत ओढ. शंभर-दीडशे ट्रकांचा तळ फाटकाच्या आधी, पण हद्दीच्या आत. नळ, संडास, सावली, पोळी-भाजी मिळेल अशी जागा. आणि एक फलक: तुमचा नंबर इतका, तुमची वेळ अमुक.

भाची: किती ट्रकांचा, ते मी काढून देते. पण त्यासाठी रांगेत लागल्याची वेळ हवी. थांबा… फास्टॅग! २०२१ पासून सक्तीचा आहे, प्रत्येक ट्रकच्या काचेवर असतो. फाटकाच्या दोन किलोमीटर आधी एक वाचक खांब उभा केला की ट्रक कधी आला आणि कधी आत शिरला, दोन्ही वेळा आपोआप. महिनाभर मोजलं तरी पुरे.

मामा: आणि एक रात्र तू स्वतः उभी राहा. खांब वेळ सांगेल. पाणी कुठून आणतात ते नाही सांगणार.

भाची: तुम्ही येता का बरोबर?

मामा: येतो की. पाचर बघायची सवय अजून गेलेली नाही.

तिने आराखडा पुन्हा उघडला आणि फाटकाशी तुटलेली रेघ पुढे ओढली, मोठ्या रस्त्याला मिळेपर्यंत.

टर्मिनलांचे आराखडे मंजूर करणाऱ्यांना माझी विनंती आहे. रुळाच्या बाजूला जशा सगळ्या विभागांच्या सह्या लागतात, तशीच फाटकापासून महामार्गापर्यंतच्या रस्त्याच्या नकाशावर सही असल्याशिवाय टर्मिनलला मंजुरी देऊ नका. आणि नोंदवहीत, संगणकात, करारात, जिथे जिथे ट्रकची वेळ लिहिली जाते तिथे तो रांगेत लागल्याची वेळ लिहा.